जे.सी. कुमारप्पा

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (जन्म : तंजावर, ४ जानेवारी १८९२, मृत्यू : मदुराई, ३० जानेवारी १९६०) हे भारतीय अर्थतज्ज्ञ, ग्रामोद्योग चळवळीचे संघटक आणि गांधीवादी विचारवंत होते. वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते पहिले मंत्री होत. निसर्गाचा साठा न संपवता माणसाला सुखाने कसे जगता येईल, हा त्यांच्या अर्थविचाराचा मध्यवर्ती प्रश्न होता. असे जगणे कायद्याने किंवा उपदेशाने साधत नाही, त्यासाठी हात, बुद्धी आणि मन यांना एकत्र घडवणारे शिक्षण लागते, अशी त्यांची धारणा होती. वर्ध्याची मगनवाडी ही या धारणेची प्रयोगभूमी ठरली. 'व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?' आणि 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत.

बालपण आणि शिक्षण

कुमारप्पा यांचा जन्म तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात अधिकारी होते. घरातील वातावरण शिस्तीचे व धार्मिक होते. त्यांचे मूळ नाव जोसेफ चेल्लादुरई कॉर्नेलियस असे होते. कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव त्यांनी पुढे गांधीजींच्या संपर्कात आल्यावर धारण केले. त्यांचे बंधू भारतन कुमारप्पा हेही ग्रामोद्योग संघात त्यांचे सहकारी होते.

मद्रास येथे शालेय शिक्षण झाल्यानंतर ते लंडनला गेले आणि तेथे त्यांनी लेखापरीक्षणाचे व्यावसायिक शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते लंडनमध्येच होते. १९१९ मध्ये आईच्या आग्रहावरून ते भारतात परतले आणि मुंबईत लेखापरीक्षक म्हणून काम करू लागले. या व्यवसायात त्यांचा चांगला जम बसला होता. राहणी, पेहराव आणि आवडीनिवडी या सर्व बाबतींत ते त्या काळी पूर्णपणे पाश्चात्त्य वळणाचे होते.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातून त्यांनी व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली आणि नंतर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त या विषयाच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. तेथे प्रा. एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. भारताच्या दारिद्र्याची कारणे या विषयावर कुमारप्पा यांनी दिलेल्या एका व्याख्यानाचा वृत्तान्त वृत्तपत्रात आला. तो पाहून सेलिग्मन यांनी त्यांना हाच विषय प्रबंधासाठी घेण्याचे सुचवले. ब्रिटिश सरकार भारतात कर कोणाकडून गोळा करते आणि तो पैसा कशावर खर्च करते, याचा आकडेवारीनिशी अभ्यास करताना त्यांची मते बदलत गेली. तोवर ब्रिटिश राजवटीकडे ते सुशिक्षित उच्च मध्यमवर्गाच्या नजरेने पाहत होते. प्रबंध पूर्ण होईपर्यंत ते तिचे कठोर टीकाकार झाले होते.

गांधीजींची भेट आणि मातर तालुक्याची पाहणी

१९२९ मध्ये भारतात परतल्यावर आपला प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या खटपटीत असताना ९ मे १९२९ रोजी साबरमती आश्रमात कुमारप्पा यांची महात्मा गांधींशी भेट झाली. हा प्रबंध गांधीजींनी आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध केला. पुढे तो 'पब्लिक फायनान्स अँड अवर पॉव्हर्टी' या नावाने ग्रंथरूपाने प्रकाशित झाला. गांधीजींनी त्यांच्यापुढे गुजरातमधील खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याचे काम ठेवले. कुमारप्पा यांना गुजराती येत नव्हते आणि खेड्यातील जीवनाचा अनुभवही नव्हता. तरीही त्यांनी हे काम स्वीकारले.

गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली. विद्यार्थी गावोगाव हिंडले. शेतीचे उत्पन्न, जनावरे, कर्ज, सारा, घरखर्च यांची माहिती त्यांनी कुटुंबाकुटुंबातून गोळा केली. या पाहणीचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. तालुक्यातील शेतकऱ्याच्या उत्पन्नाच्या मानाने शेतसारा किती जड आहे, हे त्यातून समोर आले.

या पाहणीला शैक्षणिकदृष्ट्याही महत्त्व आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी ग्रंथालयातून उठून शेतकऱ्याच्या ओसरीवर बसला, त्याची भाषा व त्याची मापे शिकला आणि तेथून सिद्धान्ताकडे गेला. पाहणीमुळे स्वतः कुमारप्पा यांचेही शिक्षण झाले. खेड्याच्या अर्थकारणात पैशाइतकेच माती, पाणी, शेण, चारा आणि रिकामे राहणारे हात यांना मोल असते, हे त्यांना येथे प्रत्यक्ष दिसले.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात गांधीजींना अटक झाल्यावर कुमारप्पा यांनी 'यंग इंडिया'च्या संपादनाची धुरा सांभाळली. त्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. सत्याग्रहींवर होणाऱ्या दडपशाहीबाबत भारतातील चर्चप्रमुखांनी स्वीकारलेल्या भूमिकेवरही त्यांनी जाहीरपणे टीका केली. ते अखेरपर्यंत श्रद्धावान ख्रिस्ती राहिले. येशूच्या शिकवणुकीचा अर्थ मात्र ते अन्यायाविरुद्ध उभे राहण्याच्या आणि श्रमिकांच्या सेवेच्या अंगाने लावत.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. तेथील मदतकार्यात राजेंद्रप्रसाद यांच्यासोबत काम करताना निधीच्या हिशेबाची जबाबदारी कुमारप्पा यांच्याकडे होती. भूकंपग्रस्तांसाठी जमलेला पैसा त्यांच्यासाठीच खर्च झाला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. गांधीजी व त्यांच्या सोबतच्या मंडळींच्या खर्चाचा भारही त्यांनी या निधीवर पडू दिला नाही.

मगनवाडी : ग्रामोद्योगांची शाळा

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनातील ठरावानुसार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघाच्या कार्यासाठी जमनालाल बजाज यांनी वर्धा येथील आपली बाग व इमारत दिली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ या जागेला मगनवाडी असे नाव देण्यात आले. सेवाग्रामला जाण्यापूर्वी गांधीजींचे वास्तव्यही काही काळ येथेच होते.

संघाचे मंत्री या नात्याने कुमारप्पा यांनी मगनवाडीत संशोधन, उत्पादन आणि प्रशिक्षण ही तीनही कामे एकत्र उभी केली. भाताची हातसडी, तेलघाणी, जात्यावरील दळण, ताडगूळ, मधमाशीपालन, हातकागद, साबण आणि कुंभारकाम हे येथील प्रमुख उद्योग होते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या ग्रामसेवकांना या उद्योगांचे शिक्षण देण्यासाठी विद्यालय चालवले जाई. संघाचे 'ग्रामोद्योग पत्रिका' हे मासिकही कुमारप्पा संपादित करीत.

येथील अभ्यासक्रमात प्रत्येक उद्योग व्यापक प्रश्नांशी जोडलेला होता. हातसडीचा तांदूळ शिकताना विद्यार्थी धान्याच्या बाहेरील आवरणातील पोषक द्रव्ये, गिरणीतील पांढऱ्या तांदळामुळे होणारे आहाराचे नुकसान आणि गिरणीमुळे काम गमावणाऱ्या स्त्रियांची स्थिती, असे तीन विषय एकाच वेळी शिकत असे. घाणी चालवताना त्याला कळे की गावात तेल काढले तर पेंड गावातच राहते, ती जनावरांच्या पोटात जाते आणि शेणाच्या रूपाने शेताला परत मिळते. उलट तेलबिया बाहेर गेल्या की त्यांच्याबरोबर जमिनीचा कसही जातो. ताडगुळाच्या बाबतीत कुमारप्पा यांचा युक्तिवाद असा होता, की ताड व शिंदीची झाडे पडीक जमिनीत वाढतात. त्यांच्या रसापासून गूळ केला तर उसाखाली गुंतलेली सुपीक जमीन अन्नधान्यासाठी मोकळी होऊ शकते. मगनवाडीत तयार झालेली मगन चूल आणि वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप ही साधने याच दृष्टीतून घडली. रॉकेल परदेशातील साठ्यातून येते, तर दिव्याचे तेल गावच्या झाडापासून मिळू शकते, हा त्या दिव्यामागचा विचार होता.

स्वच्छता हाही शिक्षणाचाच भाग होता. मगनवाडीतील कार्यकर्ते जवळच्या सिंदी या वस्तीत जाऊन रस्त्यावरील मैला स्वतः उचलीत. मैल्याचे सोनखत करून तो जमिनीला परत द्यावा, यावर कुमारप्पा यांचा भर होता. गावाचे आरोग्य, जमिनीची सुपीकता आणि विशिष्ट जातींवर लादलेल्या कामाची प्रतिष्ठा हे प्रश्न या एका कृतीत एकवटले होते.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्धा येथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खादी व ग्रामोद्योगांची अवजारे, त्यांतील सुधारणा आणि उत्पादनांचे नमुने येथे मांडण्यात आले. पाहणाऱ्याने वस्तूमागील तंत्र समजून घ्यावे आणि आपल्या गावी ते करून पाहावे, असा त्यामागे उद्देश होता.

नई तालीम आणि शिक्षणविचार

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, आशादेवी व ई.डब्ल्यू. आर्यनायकम् यांच्याबरोबर कुमारप्पा हेही या समितीचे सदस्य होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ही या योजनेची मुख्य सूत्रे होती. ती पुढे नई तालीम या नावाने ओळखली गेली.

कुमारप्पा यांच्या शिक्षणविचाराचा पाया त्यांच्या श्रमविषयक कल्पनेत आहे. अन्नाने जसे शरीराचे पोषण होते, तसे कामाने माणसाच्या उच्चतर शक्तींचे पोषण होते, असे ते मानीत. प्रत्येक कामात कष्टाचा एक भाग असतो आणि निर्मितीच्या आनंदाचा दुसरा. आधुनिक कारखानदारीने हे दोन भाग वेगळे केले. कष्ट एकाच्या वाट्याला आले आणि आनंद व नफा दुसऱ्याच्या, असे त्यांचे विश्लेषण होते. ज्या शिक्षणात हाताने काम करणारा आणि डोक्याने विचार करणारा असे दोन वर्ग तयार होतात, त्यातून हीच विभागणी पुढे चालू राहते. म्हणून शाळेतच हे दोन्ही भाग पुन्हा एकत्र आणले पाहिजेत, असे त्यांना वाटे.

राहणीमानाविषयीचे त्यांचे विवेचनही याच अंगाने जाते. उच्च आणि निम्न राहणीमान ही प्रचलित विभागणी त्यांना मान्य नव्हती. ते गुंतागुंतीची राहणी आणि साधी राहणी असा फरक करीत. गरजा वाढल्या म्हणजे जीवनाचा दर्जा वाढतोच असे नाही. साध्या राहणीतही कला, कौशल्य, आरोग्य आणि संस्कृती यांची उंची गाठता येते. वस्तू विकत घेताना तिच्या किमतीपलीकडे पाहण्याची सवय लावणे, हे त्यांच्या मते शिक्षणाचे काम होते. ती वस्तू कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि कशाचा नाश करून बनवली, हे न पाहता ती घेणारा ग्राहकही त्या अन्यायाचा वाटेकरी होतो, असे ते म्हणत.

'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'

१९४२ च्या आंदोलनाच्या काळात कुमारप्पा यांना पुन्हा तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' आणि 'प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस' ही पुस्तके लिहिली. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना लाभली. १९४५ मध्ये प्रकाशित झालेला पहिला ग्रंथ शाश्वततेचा आर्थिक अंगाने विचार करणाऱ्या आरंभीच्या भारतीय ग्रंथांपैकी एक मानला जातो.

या ग्रंथात त्यांनी निसर्गातील उदाहरणांवरून अर्थव्यवस्थेचे पाच प्रकार मांडले आहेत. मेंढीला मारून खाणारा वाघ आपल्या अन्नाचा मूळ स्रोतच नष्ट करतो. ही परोपजीवी अर्थव्यवस्था. बागेतील फळे खाणारे माकड झाड मारत नाही, पण त्याच्यासाठी काही करीतही नाही. ही लुटारू अर्थव्यवस्था. मधमाशी मध घेते आणि त्या ओघात फुलांचे परागण करते. ही उद्यमी अर्थव्यवस्था. तीच मधमाशी केवळ स्वतःसाठी न राबता पोळ्यासाठी राबते. ही समूहनिष्ठ अर्थव्यवस्था. पक्षीण कोणत्याही परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवते. ही सेवेची, म्हणजे सर्वोच्च अर्थव्यवस्था. माणसाला विवेक आणि इच्छास्वातंत्र्य असल्यामुळे तो यांपैकी कोणतीही पायरी निवडू शकतो. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीकडे जाणे हेच त्यांच्या दृष्टीने संस्कृतीचे आणि शिक्षणाचे ध्येय होते.

कुमारप्पा यांनी केलेला दुसरा महत्त्वाचा भेद साठ्याच्या आणि प्रवाहाच्या अर्थव्यवस्थेचा आहे. कोळसा, खनिज तेल आणि धातू यांचा साठा मर्यादित असतो. वापरला की तो घटतो. वाहते पाणी, योग्य रीतीने राखलेले जंगल, शेती आणि पशूंची शक्ती यांचा प्रवाह मात्र चालू राहतो. लेखापालाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या प्रकारात मुद्दल खर्च होते, दुसऱ्या प्रकारात उत्पन्नावर निर्वाह होतो. साठ्यावर उभ्या असलेल्या समाजांना तो साठा ताब्यात ठेवण्यासाठी इतरांशी झगडावे लागते आणि त्यातून युद्धे होतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसरे महायुद्ध चालू असताना मांडलेल्या या विचारात पर्यावरण आणि शांतता हे एकाच प्रश्नाचे दोन भाग ठरतात.

याच ग्रंथाच्या नियोजनविषयक भागात त्यांनी संतुलित शेतीची योजना दिली आहे. सुमारे एक लाख लोकसंख्येच्या प्रदेशाला संतुलित आहार व वस्त्र पुरवण्यासाठी कोणत्या पिकाखाली किती जमीन असावी, याचे कोष्टक त्यांनी तयार केले. बाजारभाव पाहून पीक निवडण्याऐवजी लोकांच्या गरजेवरून जमिनीचे वाटप व्हावे, असा त्याचा गाभा होता.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पा यांच्याकडे होते. मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाऱ्याला जमिनीचा हक्क, जमीनधारणेवर कमाल मर्यादा आणि लहान शेतकऱ्यांसाठी सहकारी शेती, अशा शिफारशी या समितीने १९४९ मध्ये सादर केलेल्या अहवालात केल्या. मोठे उद्योग व केंद्रीय नियोजन यांवर भर देणाऱ्या सरकारी धोरणाशी त्यांचे मतभेद मात्र वाढत गेले. ट्रॅक्टर आणि रासायनिक खते यांच्या सरसकट वापराला त्यांचा विरोध होता. बैल शेत नांगरतो आणि शेणही देतो, ट्रॅक्टर ते देत नाही, याकडे ते लक्ष वेधीत.

वर्ध्याजवळील सेलडोह येथे पन्नई आश्रम स्थापन करून त्यांनी शेतीकेंद्रित जीवनाचा प्रयोग केला. १९५१ मध्ये त्यांनी चीनचा दौरा केला. उच्च रक्तदाबाच्या विकारामुळे प्रकृती ढासळत गेल्यावर ते तमिळनाडूतील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहावयास गेले. ते आजन्म अविवाहित होते. ३० जानेवारी १९६० रोजी, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांचे निधन झाले.

टीका आणि मूल्यमापन

कुमारप्पा यांच्या विचारांवर त्यांच्या हयातीतच टीका झाली. वाढत्या लोकसंख्येच्या गरजा हस्तोद्योगांतून भागणार नाहीत आणि त्यामुळे दारिद्र्य कायम राहील, असे औद्योगिकीकरणाच्या समर्थकांचे म्हणणे होते. खेड्याकडे आदर्श समाज म्हणून पाहण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा मूलभूत विरोध होता. खेड्यातील जातिव्यवस्था कायम असताना खेड्याच्या स्वयंपूर्णतेचा लाभ कोणाला होणार, हा प्रश्न कुमारप्पा यांच्या आर्थिक मांडणीलाही लागू पडतो. नई तालीमच्या शाळा स्वातंत्र्यानंतर मुख्य शिक्षणप्रवाहात टिकू शकल्या नाहीत. पदवी आणि नोकरी यांना महत्त्व देणाऱ्या समाजात हस्तोद्योगाची शाळा गरिबांची शाळा ठरत गेली. श्रम आणि ज्ञान यांतील ज्या दरीविरुद्ध कुमारप्पा लढले, त्याच दरीत ही योजना अडकली.

ऊर्जेचे संकट, जमिनीची धूप आणि हवामानबदल यांच्या चर्चेमुळे त्यांच्या विचारांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. ई.एफ. शूमाकर यांनी १९७३ मध्ये प्रकाशित झालेल्या 'स्मॉल इज ब्यूटिफुल' या ग्रंथात कुमारप्पा यांच्या श्रमविषयक विचारांचा आधार घेतला आहे. जयपूर येथील कुमारप्पा ग्रामस्वराज्य संस्थान त्यांच्या नावाने कार्य करते. मगनवाडीत त्यांच्या सहवासात राहिलेले देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये वर्धा येथे ग्रामीण तंत्रज्ञानासाठी सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था सुरू केली. वर्ध्याचे मगन संग्रहालयही आज कार्यरत आहे.

ग्रंथसंपदा

• पब्लिक फायनान्स अँड अवर पॉव्हर्टी
• अ सर्व्हे ऑफ मातर तालुका (१९३१)
• व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट? (१९३६)
• प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस (१९४५)
• इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स (१९४५)